विवाह अधिकाऱ्यापुढची सही

नोंदणी पद्धतीने लग्न करायचे तर 'विशेष विवाह कायदा, 1954' पाळावा लागतो. दोघांपैकी निदान एक जण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहत आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती नोटीस कार्यालयात ठळक जागी लावली जाते, वहीत चढवली जाते. 30 दिवसांत कुणाची कायदेशीर हरकत आली नाही, तर नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत दोघांनी तीन साक्षीदार घेऊन जायचे, प्रतिज्ञापत्रावर सह्या करायच्या आणि 'मी तुझा कायदेशीर पती, किंवा पत्नी, म्हणून स्वीकार करतो' अशा अर्थाचे एक वाक्य एकमेकांना उद्देशून म्हणायचे. भटजी नको, काझी नको, जात-धर्म विचारायचे कारण नाही. अधिकारी प्रमाणपत्राच्या पुस्तकात नोंद करतो, पुन्हा सह्या होतात, आणि लग्न लागते. मंडपात लागलेल्या लग्नाची नंतर महापालिकेत होणारी नोंद वेगळी. ती झालेल्या लग्नाची नोंद असते. इथे मात्र सही हेच लग्न, आणि ते प्रमाणपत्र हाच त्याचा निर्णायक पुरावा.

दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया हा अर्ज घेऊन गेल्या, तर तो घेतला जात नाही. त्यांचे परस्परसंमतीचे संबंध 2018 पासून गुन्हा नाहीत. घर घ्या, संसार करा, म्हातारे व्हा, कायदा आडवा येत नाही. पण ती एक सही त्यांना करता येत नाही. तिच्यामागे किती गोष्टी उभ्या असतात, हे लग्न झालेल्यांना सहसा ठाऊक नसते, कारण त्यांना त्या मागाव्या लागत नाहीत. त्या कोणत्या, त्यांना पर्याय म्हणून सुचवले जाणारे कागद कुठे तोकडे पडतात, सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले आणि कायद्यात नेमके काय बदलावे लागेल, हे एकेक करून पाहू. हा बदल व्हायला हवा, असे माझे मत आहे. ते आधीच सांगून टाकतो.

समजा, पुण्यात दोघी जणी पंधराएक वर्षे एकत्र राहतात. एक बँकेत आहे, दुसरी खासगी शाळेत शिकवते. कर्ज बँकवालीच्या पगारावर मिळाले, म्हणून फ्लॅट तिच्या नावावर. हप्ता ती भरते, घरखर्च शिक्षिका पाहते. चारचौघांसारखाच संसार.

आता बँकवाली आजारी पडली. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून कुणी सही करायची? याचा निकाल बहुतेक ठिकाणी रुग्णालयाच्या रिवाजावर लागतो. बायको म्हटले की कुणी पुरावा मागत नाही. मैत्रीण म्हटले की 'घरच्यांना बोलवा' असे उत्तर येते. घरच्यांनी दहा वर्षे तोंड पाहिलेले नसले तरी घरचे तेच. मानसिक आजारापुरता मात्र आपल्या कायद्याने हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात प्रत्येक सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो, आणि तो रक्ताचा नातेवाईक असावाच लागत नाही. म्हणजे नात्याबाहेरच्या माणसाला हा अधिकार देता येतो, हे संसदेला ठाऊक आहे. शरीराच्या आजाराला अशी सरळ सोय नाही. मुखत्यारपत्र करून ठेवले असले तरी देणाऱ्याची शुद्ध हरपली की त्याच्या बळावरच प्रश्नचिन्ह लागते, आणि मृत्यूबरोबर ते संपते. गरज सर्वांत मोठी असते नेमक्या त्याच वेळी.

मूत्रपिंड द्यायची वेळ आली तर? 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात 'जवळचे नातेवाईक' कोण, याची यादी आहे: पती-पत्नी, मुले, आई-वडील, भावंडे, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे. पती-पत्नीतले दान त्यामुळे तुलनेने सरळ मार्गी लागते. या दोघींपैकी एकीने दुसरीला मूत्रपिंड द्यायचे ठरवले, तर तिची गणना परक्या दात्यात होते. जिव्हाळ्यापोटी दान करते आहे, पैशासाठी नाही, हे तिला प्राधिकार समितीपुढे पटवून द्यावे लागते. समिती असावी, अवयवांचा बाजार रोखायला ती हवीच. पण पंधरा वर्षांच्या संसाराला त्या दारात उभे करणे अन्यायाचे आहे.

मृत्यूनंतरचे पाहू. मृत्युपत्र नसेल, आणि बँकवाली हिंदू व अविवाहित असेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिचा फ्लॅट आधी आई-वडिलांकडे जातो. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भाऊ, पुतणे, आणखी दूरचे चुलते. मग आईच्या वारसांकडे. कुणीच उरले नाही तर मालमत्ता सरकारजमा होते. या रांगेत शिक्षिकेला शेवटचीसुद्धा जागा नाही. सरकार तिच्या आधी येते.

'नॉमिनी लावून टाका', हा सल्ला सगळे देतात. नॉमिनी हा बहुतेक बाबतींत मालक नसतो, रक्कम ताब्यात घेऊन वारसांसाठी सांभाळणारा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली विमा पॉलिसीबाबत सांगितले आणि डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सबाबत पुन्हा स्पष्ट केले. विमा कायद्यात 2015 साली दुरुस्ती होऊन काही नॉमिनींना रकमेवर स्वतःचा हक्क मिळाला. पण ते नॉमिनी म्हणजे आई-वडील, पती-पत्नी आणि मुले. गृहनिर्माण सोसायटीत महाराष्ट्राच्या सहकार कायद्याप्रमाणे नॉमिनीला तात्पुरते सभासदत्व मिळते, वारस ठरेपर्यंत. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे नियम त्याहून कडक आहेत. ज्या कर्मचाऱ्याला नियमांच्या व्याख्येतले 'कुटुंब' आहे, त्याला कुटुंबाबाहेरचा नॉमिनी नेमता येत नाही, आणि अवलंबून असलेले आई-वडील कुटुंबात मोजले जातात. म्हणजे बँकवाली म्हाताऱ्या आईला सांभाळत असेल, तर त्या कागदावर शिक्षिकेचे नाव लिहूनही ते रद्दबातल.

मग मृत्युपत्र करा. जरूर करावे, आज अशा जोडप्यांच्या हाती असलेले ते सर्वांत भक्कम साधन आहे, आणि स्वकष्टार्जित मालमत्ता कुणालाही देता येते. पण मृत्युपत्राला आव्हान देता येते. भावाने 'तिच्यावर दबाव होता' म्हणून दावा लावला, तर शिक्षिकेला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, तेही त्याच घरात राहण्याचा हक्क टिकवत.

हयातीतच फ्लॅट द्यायचा म्हटले तर बक्षीसपत्र होते. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी यांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. या दोघींना मात्र परक्यांचा दर लागतो, किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहून अधिक. 80 लाखांच्या घराला किमान चार लाख. शिवाय आयकर कायद्यात नातेवाइकाकडून मिळालेली भेट करमुक्त असते. परक्याकडून वर्षात 50,000 रुपयांहून अधिक आले की ते उत्पन्न धरले जाते. याच भेदाला आव्हान देणारी एका जोडप्याची याचिका 2025 साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली.

या प्रत्येक कागदासाठी वकील लागतो, आणि प्रत्येक कागद एकेका भोकाला ठिगळ लावतो. काही भोकांना तर ठिगळच नाही. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने देता येत नाही. अनुकंपा तत्त्वावरची नोकरी करार करून मिळत नाही. मुलाला दोघींनी मिळून दत्तक घेता येत नाही, कारण जोडपे म्हणून अर्ज करायला किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन लागते. एकटी व्यक्ती म्हणून एकीने दत्तक घेतले, तर मूल कायद्याने तिचेच; ती गेली की ज्या दुसरीला ते जन्मभर आई म्हणत आले, तिचा त्याच्यावर हक्क नाही, आणि त्या मुलाचाही तिच्या मिळकतीवर नाही. दोन पुरुषांची अडचण आणखी मोठी आहे. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही.

एका गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही. लग्नाचा कायदा वेगळे होण्याचाही कायदा असतो. संसार मोडला तर घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा यांचे नियम आहेत. नोकरी सोडून घर सांभाळणारा जोडीदार त्यामुळे निदान रिकाम्या हाताने रस्त्यावर येत नाही. या दोघींचे उद्या पटले नाही, तर शिक्षिकेने इतकी वर्षे केलेल्या घरखर्चाचा हिशेब कुठल्याही कलमात बसत नाही. फ्लॅट जिच्या नावावर तिचा, विषय संपला. जबाबदाऱ्यांचेही तसेच. निवडणुकीच्या उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात पती किंवा पत्नीची मालमत्ता जाहीर करावी लागते. ज्याचे लग्न कायदा मानत नाही, त्याच्या जोडीदाराला ते लागू होत नाही. लग्नाला मान्यता देण्यात समाजाचाही लाभ आहे, तो असा.

आता कोर्टाकडे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे खासगी संबंध वगळले, सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्वतःची चूक दुरुस्त केली. त्यानंतर लग्नाचा प्रश्न येणारच होता. नोव्हेंबर 2022 मध्ये काही जोडपी सर्वोच्च न्यायालयात गेली. उच्च न्यायालयांतल्या याचिकाही तिथे वर्ग झाल्या, आणि 18 एप्रिल 2023 पासून सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठापुढे दहा दिवस सुनावणी चालली.

युक्तिवाद समजायला विशेष विवाह कायद्याचे कलम 4 पाहावे लागते. त्याची सुरुवात 'कोणत्याही दोन व्यक्तींमध्ये' लग्न होऊ शकते अशी आहे. पुढे अटी येतात: दोघांपैकी कुणाचा आधीचा जोडीदार हयात नसावा, दोघे संमती देण्याइतके शुद्धीवर असावेत, निषिद्ध नात्यातले नसावेत. वयाच्या अटीत मात्र पुरुषाला 21 आणि स्त्रीला 18 पूर्ण हवीत, असे आहे. याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते की सुरुवातीचे शब्द व्यापक आहेत, तर 'पती' आणि 'पत्नी' या जागी 'जोडीदार' वाचा. कायदा मोडीत काढायची गरज नाही. केंद्र सरकारच्या वतीने सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी उत्तर दिले की हा धागा ओढला तर सुमारे 160 तरतुदी हलतील, आणि ते काम संसदेचे आहे.

17 ऑक्टोबर 2023 रोजी निकाल लागला. लग्नाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्याचे कोर्ट पुनर्लेखन करू शकत नाही, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. पारलिंगी व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर तिला सध्याच्या कायद्यांनीच लग्न करता येते, यावरही. मतभेद झाला तो पुढच्या पायरीवर. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल म्हणाले की अशा जोडप्यांना आपले नाते जोडण्याचा हक्क आहे आणि त्याला मान्यता देणे राज्याचे कर्तव्य आहे. न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंहा यांनी, कायदा झाल्याखेरीज तसा हक्क मागता येत नाही, असे ठरवले. तीन विरुद्ध दोन. पुनर्विलोकन याचिका 9 जानेवारी 2025 रोजी फेटाळल्या गेल्या.

कायदा नव्याने लिहिण्याबाबतचा न्यायालयाचा संकोच मला समजतो. पण लग्नाचा हक्कच नाही, हे त्याच न्यायालयाच्या 2018 च्या हादिया प्रकरणातल्या निकालाशी जुळत नाही. तिथे, आपल्या पसंतीच्या व्यक्तीशी लग्न करणे हा राज्यघटनेच्या कलम 21 चा अविभाज्य भाग आहे, असे म्हटले होते. बापाच्या इच्छेविरुद्ध लग्न केलेल्या मुलीला जे दिले, ते या जोडप्यांना का नाही, याचे समाधानकारक उत्तर निकालपत्रात मला सापडत नाही.

निकालात सरकारने दिलेल्या आश्वासनाची नोंद होती: कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू. ती एप्रिल 2024 मध्ये नेमली गेली. त्या ऑगस्टमध्ये काही पत्रके निघाली. शिधापत्रिकेसाठी अशी जोडपी एक कुटुंब धरावीत, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह मिळावा, संयुक्त बँक खाते उघडायला आणि नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेचे आणि मृतदेहाचे पत्रक खरोखर उपयोगाचे आहे. खात्याचे पत्रक मात्र जे आधीपासून मोकळे होते तेच पुन्हा सांगते. दोन मित्रांनाही संयुक्त खाते उघडता येतेच. मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, कुटुंब स्थापण्याचा लग्न हा एकमेव मार्ग नाही, असे म्हणत अशा जोडप्यांचे कुटुंब मानले. स्वागत आहे; पण त्या वाक्याने पेन्शन मिळत नाही.

तेव्हा काम संसदेचे, हे कोर्टाने सांगून ठेवले आहे. संसदेला करायचे काम किती मोठे आहे? 160 तरतुदींचा आकडा ऐकला की छाती दडपते. प्रत्यक्षात बदल थोड्या कलमांपुरता आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 1 एप्रिल 2022 रोजी लोकसभेत मांडलेल्या खासगी विधेयकात त्याचा आराखडा होता: 'पती' आणि 'पत्नी' ऐवजी 'जोडीदार', आणि दोन पुरुषांसाठी वय 21, दोन स्त्रियांसाठी 18. सर्वांना एकच वय ठेवणे मला अधिक सरळ वाटते, पण ते तपशिलाचे आहे. निषिद्ध नात्यांच्या परिशिष्टात पुरुषासाठी 37 स्त्री-नाती आणि स्त्रीसाठी 37 पुरुष-नाती दिली आहेत. तीच नाती दोन्ही बाजूंनी लागू करायची, म्हणजे भाऊ-भाऊ किंवा मावशी-भाची यांची शंका उरत नाही. कलम 27 मध्ये पत्नीला घटस्फोटाची काही खास कारणे आहेत. स्त्री-पुरुषांच्या लग्नात ती तशीच राहू द्यायची, कारण तिथली असमानता खरी आहे. कलम 36 व 37 प्रमाणे पोटगी फक्त पत्नीला मिळते. समलिंगी जोडप्यात ती आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेल्याला द्यायची.

आणि ते 160? त्यांना एकेक करून हात लावायची गरज नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने 1 डिसेंबर 2005 रोजी निकाल दिला आणि संसदेला वर्षभराची मुदत दिली. 2006 मध्ये आलेल्या त्यांच्या कायद्यात एक कलम आहे: इतर कोणत्याही कायद्यात लग्न, पती किंवा पत्नी असा उल्लेख आला तर त्यात या कायद्याखालचे जोडीदारही धरावेत. एवढ्याने वारसा, विमा, कर, अवयवदान, निवृत्तिवेतन सगळीकडे दिवा लागतो. थायलंडने आपल्या दिवाणी संहितेतले शब्दच बदलले, 23 जानेवारी 2025 पासून तिथे नोंदणी सुरू झाली. तैवानमध्ये न्यायालयाने 2017 साली दोन वर्षे दिली होती. 24 मे 2019 पासून कायदा लागू आहे. नेपाळात सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर 2023 मध्ये लमजुंग जिल्ह्यात पहिली नोंद झाली. हे तिन्ही आपल्याच आशियातले आहेत. नेदरलँड्सने 2001 साली सुरुवात केली, तेव्हापासून 35 हून अधिक देशांत हा कायदा झाला.

जाता जाता आणखी एका कलमाबद्दल. 30 दिवसांची जाहीर नोटीस ही आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांच्या जिवावर बेतलेली आहे. घरून पळून आलेल्या दोन मुलींच्या बाबतीत ती म्हणजे घरच्यांना पत्ता कळवणेच ठरेल. दुरुस्ती होईल तेव्हा हीही तरतूद सर्वांसाठी काढावी.

धर्माला यातले काहीही शिवत नाही. हिंदू विवाह कायदा, मुस्लिम वा ख्रिस्ती विवाहविधी जसेच्या तसे राहतील. कुठल्याही भटजीला अंतरपाट धरावा लागणार नाही. विशेष विवाह कायद्याचा जन्मच मुळी ज्यांना धर्म आणि जात सामावून घेत नव्हती त्यांच्यासाठी झाला. ब्राह्मो समाजाच्या आग्रहातून 1872 साली त्याचे पहिले रूप आले. तेव्हा वधू-वरांना 'आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही' असे लिहून द्यावे लागे. 1923 साली हरिसिंह गौर यांच्या प्रयत्नाने ती अट हिंदू, बौद्ध, शीख व जैनांपुरती गेली, आणि 1954 साली सर्वांसाठी. दर टप्प्याला हा दरवाजा रुंद झाला आहे.

'समाज अजून तयार नाही' हे कारण महाराष्ट्राने तरी देऊ नये. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केले, तेव्हा कायद्याला 37 वर्षे झाली होती, आणि तरीही मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. समाज तयार होण्याची वाट 1856 मध्ये पाहिली असती तर कर्व्यांच्या हातात त्या लग्नाचा कागदही नसता. शाहू महाराजांनी 1919 साली करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली, तीही लोक रस्त्यावर येऊन मागत होते म्हणून नव्हे.

'लग्न संततीसाठी असते' असाही आक्षेप येतो. साठी ओलांडलेले विधुर आणि विधवा आपल्याकडे नोंदणी करून लग्न करतात, आणि आपण त्यांचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. कुणी त्यांना मूल होईल का, असे विचारत नाही.

काही सुजाण माणसे म्हणतात, हक्क द्या, पण 'लग्न' हे नाव नको, वेगळी नोंद ठेवा. ब्रिटनने 2004 साली तसा कायदा केला, आणि 2014 पासून इंग्लंड व वेल्समध्ये लग्नच खुले केले. वेगळ्या नावासाठीही त्याच सगळ्या कायद्यांना जोडकलम लागते, श्रम तेवढेच. उरतो फक्त प्रत्येक टेबलावरचा कारकून, ज्याला 'हे लग्नासारखे आहे की नाही' हे ठरवायची मोकळीक मिळते.

आणि हे शहरी, उच्चभ्रू लोकांचे खूळ आहे, असे केंद्र सरकारने 2023 मध्ये न्यायालयात म्हटले, त्याबद्दल. 1987 साली भोपाळमध्ये पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केले आणि त्यांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. त्या उच्चभ्रू नव्हत्या. ज्याच्याकडे पैसा आहे तो वकील लावून मृत्युपत्र, ट्रस्ट, करार सगळे करून घेतो. परदेशी जाऊन लग्नही करतो, जरी भारतात परतल्यावर ते लग्न इथल्या दप्तरात उमटत नाही आणि जोडीदाराचे ओसीआय कार्ड अडते. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याला थोड्या शुल्कात हे सगळे एकदम मिळवून देणारी एकच गोष्ट आहे, ती सही. ती नाकारल्याचा फटका सर्वांत जास्त त्यालाच बसतो.

त्याहून मोठा फटका कुणाला बसतो, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे, बोलले जात नाही इतकेच. 'लग्न करून दिले की सुधारेल' म्हणून मुलाचे लग्न उरकले जाते. मुलगी काहीही माहीत नसताना त्या घरात येते आणि वर्षानुवर्षे आपल्यातच काय कमी आहे ते शोधत राहते. मुलगा दोन आयुष्यांत विभागला जातो. जिथे त्याला उघडपणे स्वतःचा संसार मांडता येतो, तिथे हे लग्न लावायचे निमित्त कमी होते. समलिंगी विवाहाला मान्यता मिळण्यात या मुलींचे हित आहे, आणि त्यांच्या आई-वडिलांचेही.

सुळे यांचे विधेयक 2024 मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा संपले. पण लग्न आणि घटस्फोट हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. तामिळनाडूत पेरियारांच्या चळवळीतले स्वाभिमान विवाह 1950 च्या दशकात उच्च न्यायालयाने अवैध ठरवले होते. 1967 साली तिथल्या विधानसभेने हिंदू विवाह कायद्यात कलम 7-अ घालून ते वैध केले, पूर्वी झालेलेसुद्धा. राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्राची विधानसभाही विशेष विवाह कायद्यात अशी दुरुस्ती करू शकते. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने राज्यांचे मत मागवले, तेव्हा राजस्थान, आसाम आणि आंध्र प्रदेशने विरोध कळवला. महाराष्ट्राने विचाराला वेळ मागितला. विधानसभेत 288 आमदार आहेत, त्यांतले एक तुमचे. त्यांना पत्र लिहा आणि विचारा की तो विचार पूर्ण झाला का.